बरणीवाले सर

"पोट काय म्हणतंय?"

आमचे सर भेटले की पहिला प्रश्न हा. नमस्कार नाही, कसं काय नाही, पाऊसपाणी नाही. एस.टी.च्या कंडक्टरला हाच प्रश्न, मुख्याध्यापकांना हाच, आणि संस्थेचे अध्यक्ष वर्षातून एकदा झेंडावंदनाला आले की त्यांनाही हाच. शाळेतल्या एका शिक्षकांचे सासरे वारले तेव्हा आम्ही सगळे भेटायला गेलो होतो. सतरंजीवर माना खाली घालून बसलो होतो. बराच वेळ कुणी बोलेना. शेवटी सरांनी घसा खाकरला आणि हलक्या आवाजात विचारलं, "शेवटी शेवटी पोट काय म्हणत होतं?"

मी तोंडात पदर कोंबून मागच्या दाराने बाहेर पळाले. लोकांना वाटलं, बाईंना गहिवरून आलं. आत मात्र त्या घरातली म्हातारी एकदम बोलती झाली. "अहो, तेच तर बिघडलं होतं मेलं! तुम्ही पहिले विचारणारे." मग अर्धा तास सासऱ्यांच्या पोटाचाच विषय चालला. निघताना म्हातारी सरांना म्हणाली, "पुन्हा या हो, बरं वाटलं."

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याला जगातल्या सगळ्या भानगडींचं मूळ एकाच ठिकाणी दिसतं. कुणाला ते ग्रहांत दिसतं, कुणाला सरकारात. सरांना ते पोटात दिसे. आणि त्यावर त्यांच्याकडे एकच तोड होती, ती म्हणजे त्यांची बरणी.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. मी सिन्नरच्या एका शाळेत मराठी शिकवायची आणि सर विज्ञान. मी पंचवटीतून निघून सीबीएसच्या स्टँडवर एस.टी. पकडायची, सर नाशिकरोडला चढायचे. बुटके, काटकुळे, पांढरा बुशशर्ट, आणि मांडीवर पंच्यात गुंडाळलेली काचेची बरणी. बरणीत मिठाच्या पाण्यात बुडवलेल्या भाज्या असत. मुळा, गाजर, फ्लॉवरचे दांडे, कोबीची जाड पानं, हिरव्या मिरच्या, थोडी मोहरीची पूड. तेलाचा थेंब नाही. वरून एक धुतलेला गोटा ठेवायचा म्हणजे भाजी पाण्याखाली राहते, आणि तोंडाला फडकं बांधायचं. चार-पाच दिवसांत ते पाणी गढूळ व्हायचं, बुडबुडे यायचे आणि आंबूस वास सुटायचा. पोरं मागून त्यांना 'बरणीवाले सर' म्हणत. ते सरांना माहीत होतं आणि आवडतही होतं.

एकदा मोहदरीच्या घाटात बरणी हिंदकळली आणि शेजारच्या गृहस्थांच्या धोतरावर खार सांडला. कंडक्टरने सरांना बजावलं, "उद्यापासून झाकण लावल्याशिवाय गाडीत घेणार नाय." सरांनी समजावून पाहिलं की आतल्या वायूला वाट लागते. कंडक्टर म्हणाला, "वायू तुमच्या घरी." दुसऱ्या दिवशी सरांनी आटे असलेलं घट्ट झाकण लावून बरणी आणली. मार्च महिना होता. ऐन घाटात असा धडाका झाला की ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. टायर फुटला म्हणून तो खाली उतरला आणि सहाच्या सहा टायर लाथा मारून बघून आला. आत झाकण टपाला आपटून एका बाईच्या पाटीत पडलं होतं आणि मुळ्याचे तुकडे पुढच्या सीटवर चिकटले होते.

"टायर ठीक आहेत," सर अपराधी तोंडाने म्हणाले. "आवाज माझा होता."

त्यानंतर कंडक्टरने फडक्याला परवानगी दिली आणि वर स्वतःसाठी मुळ्याच्या दोन फोडी मागून घेतल्या.

आता माझं सांगते. माझं पोट हा त्या काळी शाळेतला सार्वजनिक विषय होता. वडील गेल्यापासून घरात मी एकटी कमावती. दोघं भाऊ शिकत होते, आई होती. नोकरी अजून तात्पुरती. दोन वर्षांनी तपासणी व्हायची, साहेब वर्गात बसून पाठ बघायचे, आणि शेरा चांगला पडला तर कायम, नाहीतर घरी. आणि माझी ही गत की कुठल्याही तासाला, कधीही, पोटात कळ यायची आणि धावावं लागायचं. बायकांचा संडास मैदानाच्या पार पलीकडे, आणि त्याची किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात. म्हणजे आधी आत जाऊन किल्ली मागा, मग सगळ्या वर्गांच्या खिडक्यांसमोरून मैदान ओलांडा. नववी अ ने माझ्या धावण्याचं वेळापत्रक केलं होतं. सहसा ते चुकत नसे.

मुख्याध्यापकांनी एक दिवस मला बोलावून घेतलं. "बाई, तुम्ही शिकवता उत्तम. पण तपासणीच्या दिवशी पस्तीस मिनिटं उभं राहावं लागेल. मध्येच गेलात तर साहेब काय लिहितील?"

माझ्या पोटाला औषध चार हातांवर होतं आणि मी ते घेत नव्हते. का, ते आता स्पष्टच सांगते. सर नाशिकरोडच्या बौद्ध वसाहतीत राहत. त्यांचं आडनाव शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत सर बरणी उघडायचे आणि चमचा घेऊन प्रत्येकापुढे जायचे. "हात पुढे करा." बरेच जण खायचे, मिटक्या मारत खायचे. पण तिघाचौघांना बरणी दिसली की नेमका उपास आठवायचा. त्या तिघाचौघांत मी होते. पंचवटीतल्या भिक्षुकाची मुलगी मी. कुणी मला शिकवलं नव्हतं की खाऊ नकोस, पण हात पुढे होत नसे.

पहिल्या सोमवारी मी म्हटलं, "सर, माझा सोमवार आहे." मंगळवारी म्हटलं, "गणपतीचा." गुरुवारी दत्त मदतीला आले, शुक्रवारी देवी, शनिवारी मारुती. बुधवारी मी सुट्टीभर वर्गातच वह्या तपासत बसायची. आता खोटं बोलले तर ते निभावायला नको का? डब्यात रोज साबुदाणा. आईने विचारलं, एवढे उपास कशाला गं? मी म्हटलं, नोकरी कायम व्हावी म्हणून. झालं, आईने कौतुकाने स्वतःही धरले. दोघींच्या पोटात साबुदाणा आणि दाण्याचं कूट. माझी धाव दिवसातून दोनदा व्हायची ती चारदा व्हायला लागली. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

एका मंगळवारी सर चमचा घेऊन माझ्यापुढे आले, थांबले, आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "बाई, तुमचा बुधवार मोकळा दिसतोय."

खोलीत हशा पिकला. मीही हसले, पण कान तापले होते. म्हणजे त्यांना सगळं कळत होतं तर. पहिल्या दिवसापासून कळत होतं, आणि तरीही ते रोज चमचा घेऊन पुढे येत होते. मी असते तर बरणीच डोक्यात घातली असती.

बुधवार तसा विठोबाचा म्हणतात, पण दुसऱ्या दिवशी मी देवाला मध्ये घेतलं नाही. तळहात पुढे केला. सरांनी मुळ्याच्या दोन फोडी आणि चमचाभर खार ठेवला. आंबट, खारट, नाकात झणका मारणारा. मी डोळे मिटून गिळला. काही आभाळ कोसळलं नाही. उलट मी विचारलं, "अजून आहे का?"

"थोडंच घ्या," सर म्हणाले. "नवीन माणसं राहायला येतायत. एकदम गर्दी नको."

सरांचं शास्त्र असं होतं. पोट ही एक वस्ती आहे. तिथे अब्जावधी जंतू राहतात. जंतू म्हटलं की तुम्ही घाबरता, पण सगळे जंतू काही चोर नसतात. चांगले राहायला आले की गुंडांना जागा उरत नाही. या बरणीत ते चांगले आहेत, जिवंत आहेत, म्हणून खार उकळायचा नाही. "आणि बाई, हे औषध नाही बरं का. ही सवय आहे. ताप आला, रक्त पडलं, तर डॉक्टर. माझ्या बरणीला तिची पायरी ठाऊक आहे." परवा माझी भाची दुकानातून एक इवलीशी महागडी बाटली घेऊन आली आणि मला 'प्रोबायोटिक' म्हणजे काय ते समजावून सांगायला लागली. मी ऐकून घेतलं. शिकलेल्या पोरींना मध्येच तोडू नये.

हे सगळं सर आईकडून शिकले होते. त्यांची आई पंचवटीच्या भाजीबाजारात यायची. व्यापारी फ्लॉवर-कोबीची वरची पानं, मुळ्याचे मोडके तुकडे टाकून द्यायचे, ते ती वेचून न्यायची, धुवायची आणि मिठात घालून ठेवायची. महिना महिना तेच कालवण. "आईला शास्त्र माहीत नव्हतं," सर म्हणायचे, "तिला कडकी माहीत होती. शास्त्र मला कॉलेजात सापडलं. घरी येऊन तिला सांगितलं, आई, यात लॅक्टोबॅसिलस असतात. ती म्हणाली, असू दे, तेही खातील बिचारे."

बरणीने की साबुदाणा सुटल्याने, ते मला सांगता येणार नाही, पण तीन-चार महिन्यांत माझी धाव थांबली. नववी अ चं वेळापत्रक पार कोलमडलं. मुख्याध्यापक समोर दिसले की हसायला लागले. तपासणीची तारीख आली, शुक्रवार होता. आदल्या आठवड्यात मी सरांना म्हटलं, "रविवारी खंड पडतो, घरी थोडं देता का?" सर इतके खूश झाले की दुसऱ्याच दिवशी एक छोटी बरणी भरून घेऊन आले, गोट्यासकट.

घरी आईने विचारलं, "कुणी घातलंय?"

"शाळेतल्या सरांनी."

"आडनाव काय?"

मी सांगितलं. माझी आई वाईट नव्हती, हे मी आजही भांडून सांगेन. दारी आलेला माणूस तिने कधी उपाशी पाठवला नाही. पण ती तिच्या काळाची आणि तिच्या गल्लीची होती. मुलीचं पोट बरं होतंय हे तिला दिसत होतं, आणि ही बरणी घरात कशी ठेवायची हेही तिला उमगत नव्हतं. तिने त्यातल्या त्यात मार्ग काढला. देवघरातून गोदावरीच्या पाण्याचा गडू आणला, बरणीचं फडकं सोडलं, आणि 'हरी हरी' म्हणत सगळा गडू बरणीत ओतला.

"आता खा हो," ती म्हणाली. "आता काही नाही."

मी तिथेच उभी होते. सगळं बघत होते. एक शब्द बोलले नाही. आमच्या गोदेत काय काय वाहत येतं ते पंचवटीत राहणाऱ्याला सांगायला नको. आमच्याच खिडकीतून दिसायचं. तरी मी रविवारी खाल्लं, सोमवारी खाल्लं. मंगळवारी पहाटेपासून जे सुरू झालं त्याचं वर्णन मी करणार नाही. इतकंच सांगते की शाळेत पोचेपर्यंत मोहदरीच्या घाटात दोनदा एस.टी. थांबवावी लागली. कंडक्टर ओळखीचा होता म्हणून बरं.

प्रयोगशाळेत जाऊन मी ती बरणी सरांपुढे ठेवली आणि स्टुलावर बसले. मला उभं राहवत नव्हतं. सरांनी फडकं सोडलं, वास घेतला, पुन्हा घेतला. कपाळाला आठ्या पडल्या.

"बाई, यात काय पडलं?"

खोटं बोलता आलं असतं. पाच देव पाठीशी होते. पण अंगात त्राण नव्हतं, आणि खोट्याला त्राण लागतं. मी सगळं सांगितलं. आडनावाचं, देवघराचं, गडूचं. मी बघत उभी होते तेही सांगितलं.

सर फळ्याकडे वळले. मला वाटलं, आता हे बोलतील. बोलावं, चांगलं झाडावं असंच मला वाटत होतं. त्यांनी खडू घेतला.

"गडू केवढा?"

मी हातांनी दाखवला. सरांनी फळ्यावर गणित मांडलं. "बरणीत एवढं पाणी, एवढं मीठ. त्यात गडूभर कच्चं पाणी. म्हणजे मीठ आलं निम्म्यावर. मग कसं टिकेल?" खडू खाली ठेवून त्यांनी हात झटकले. "आईंना सांगा, पुढच्या वेळी घालायचंच असेल तर पाणी उकळून गार करा, आणि मीठ चमचाभर वाढवा. मग चालेल."

मला रडू फुटलं. हुंदके देऊन रडले. सर पाठ करून परीक्षानळ्या धुवायला लागले. त्या नळ्या सकाळीच धुतलेल्या होत्या. थोड्या वेळाने म्हणाले, "पाणी जातंय तेवढं पुरे, डोळ्यातून आणखी घालवू नका. आधी डॉक्टर."

त्यांनीच मला गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मीठसाखरेचं पाणी आणि पेज सांगितली. गुरुवारपर्यंत धाव थांबली, पण पोट दिवसभर बोलत होतं. बारीक आवाजात नाही हो, घरंगळत, ओरडत, खालच्या पट्टीतून वर. त्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत माझं पोट वाजलं तर दोघांनी वळून खिडकीबाहेर पाहिलं. सरांनी विचारलं, "उद्या कुठला तास?"

"दुसरा. नववी अ. पत्रलेखन."

"माझाही दुसरा आहे. शेजारीच. नववी ब." एवढं बोलून ते गेले.

शुक्रवारी दुसऱ्या तासाला साहेब वही उघडून मागच्या बाकावर बसले. मी फळ्यावर तारीख लिहिली आणि पोटाने पहिली हाक दिली. साहेबांनी मान वर केली. आणि नेमक्या त्याच क्षणी भिंतीपलीकडून पन्नास पोरं एका सुरात ओरडली, "हायड्रोजन एक! ऑक्सिजन दोन! नायट्रोजन तीन!"

पस्तीस मिनिटं. सरांनी पस्तीस मिनिटं त्या पोरांकडून संयुजा पाठ म्हणवून घेतल्या. एकदा संपल्या की पुन्हा पहिल्यापासून, आणि प्रत्येक वेळी वरच्या आवाजात. माझं पोट काय बोललं ते माझं मलाही ऐकू आलं नाही. मी शांतपणे मायना शिकवला, मजकूर शिकवला, पत्ता कुठे लिहायचा ते शिकवलं. आमच्या नववी अ च्या पोरांना सगळं कळत होतं, पण एकही हसलं नाही. जाताना साहेब म्हणाले, "एवढ्या गोंगाटात तुम्ही वर्ग छान धरून ठेवलात."

माझ्या शेऱ्यात तेच लिहून आलं. सरांच्या शेऱ्यात आलं, 'वर्गावर नियंत्रण नाही. घोकंपट्टीवर भर.' हे एकोणीस वर्षं प्रयोग करून दाखवत विज्ञान शिकवणाऱ्या माणसाबद्दल. त्या वर्षी पर्यवेक्षकाची जागा त्यांना मिळायची होती. ती दुसऱ्याला मिळाली. मी रागाने मुख्याध्यापकांकडे निघाले, सगळं खरं सांगून टाकते म्हणून. सरांनी जिन्यात अडवलं. "काय सांगणार? तुमचं पोट वाजत होतं म्हणून? बसा गप. पर्यवेक्षकाला चकरा माराव्या लागतात, मला बरण्या बघायला वेळ कधी मिळणार?"

कायम झाल्याचं पत्र आलं त्या रविवारी मी पेढे घेऊन सरांच्या घरी गेले. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, हाताला धरून आत नेलं. दोन खोल्या, आणि जिथे बघावं तिथे बरण्या. "बगा," त्या म्हणाल्या, "पलंगाखाली बरण्या, फडताळात बरण्या. पाव्हना आला तर बसायला जागा नाय. मागं मामंजी आले, तर हे त्येंना म्हनले, जरा सरकून झोपा, गाजराला ऊब लागंल." सर पेढा खात निवांत हसत होते.

मी भाकरी खाल्ली, खारातली मिरची खाल्ली, दोनदा वाढून घेतलं. निघताना वहिनी म्हणाल्या, "आता तुमच्या घरी कधी बोलावताय? मला बी तुमची आई बघायची हाय."

"या की," मी म्हटलं. "कधीही या." पण माझा आवाज खाली गेला होता. तो मला ऐकू आला, त्यांनाही आला.

सर लगेच म्हणाले, "पंचवटीत कुठे जातेस? गल्ल्या केवढ्याशा, माझी सायकल शिरत नाही." त्यांची सायकल अख्ख्या नाशकात कुठेही शिरायची. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या पिशवीत दोन भाकऱ्या बांधून घातल्या.

त्यानंतर आम्ही दहा वर्षं एकाच एस.टी.ने गेलो-आलो. मी त्यांच्या घरी कितीतरी वेळा जेवले. ते माझ्या घरी एकदाही आले नाहीत, कारण मी बोलावलं नाही. आई आहे तोवर कसं जमणार, असं मी स्वतःला सांगत असे. मग सर निवृत्त झाले. मग आई गेली. आता मला सांगायला कारण उरलं नव्हतं, तरीही वर्ष गेलं. कशात गेलं विचाराल तर सांगता येणार नाही. दर रविवारी मी ठरवायची, पुढच्या रविवारी नक्की.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा कळलं की सर एप्रिलमध्येच गेले. सुट्टी होती, शाळेत कुणाला कळवणार? मी त्याच दिवशी शाळेतून परस्पर नाशिकरोडला उतरले. वहिनी एकट्याच होत्या. खोली मोकळी मोकळी दिसत होती.

"काय झालं होतं?" मी विचारलं.

"छाती," वहिनी म्हणाल्या. "सकाळी बसल्या बसल्या. पोट ठनठनीत व्हतं वो! डॉक्टर बी तेच म्हनले. जन्मभर सगळं ध्यान पोटाकडं. छातीकडं कोन बघनार?" आणि हे बोलता बोलता त्या हसल्या, मग रडल्या. मीही तसंच केलं.

मग मी त्यांना सांगितलं, गडूचं. इतक्या वर्षांनी. वहिनी म्हणाल्या, "मला म्हाईत हाय. त्याच दिशी येऊन सांगितलं व्हतं त्येंनी."

"चिडले होते?"

"मी चिडले. लय चिडले. म्हनलं, आता त्या बाईचं नाव काढू नका. तर माझ्यावरच डाफरले. म्हनले, तिची शुक्रवारी तपासनी हाय, तू गप."

मी उठले. "वहिनी, माझ्या घरी जेवायला चला."

"कवा?"

"आत्ता."

"आवं, माझा सैपाक झालाय."

"झाकून ठेवा."

वहिनी आत गेल्या, लुगडं बदललं, दाराला कुलूप घातलं. आम्ही रिक्षाने पंचवटीत आलो. मी पिठलं केलं, भात टाकला, ओट्याजवळच पाट मांडून त्यांना वाढलं. दार उघडं होतं. शेजारच्या काकू, आईच्या बरोबरीच्या, नेहमीप्रमाणे डोकावल्या.

"कोण गं आलंय?"

"आमच्या सरांच्या मिसेस," मी मोठ्याने सांगितलं. आडनावासकट सांगितलं. "जेवायला आल्यात."

काकू थांबल्या. दहा-बारा वर्षं मी ज्याला घाबरत होते तो क्षण हाच. काकूंनी वहिनींच्या ताटाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, नुसतं पिठलं काय वाढतेस पाहुण्यांना? थांब, माझ्याकडची चटणी आणते." दोन पावलं गेल्या आणि पुन्हा वळल्या. "सर नाही का आले?"

"नाही," मी म्हटलं. "मी बोलवायला उशीर केला."